चिमणी आणि चिकू

निझव्याला आल्यापासून मला एक सवय लागली आहे. सकाळी ऑफिसला निघताना गाडीच्या काचेवरची धूळ पुसायची आणि पुसता पुसता समोरच्या खजुरीच्या बागेकडे बघायचं. वारा सुटून गेलेला असला की झाडं हिरवी नसतातच, मातकट दिसतात. बागेत काम करणारा बांगलादेशी भाई फलजचं पाणी दांडात सोडतो आणि फडक्याने लहान रोपांची पानं पुसतो. एकदा मी त्याला विचारलं, "हे कशाला रे?" तो म्हणाला, "साब, पत्ता भी तो साँस लेता है." मी मान हलवली आणि मस्कतच्या मीटिंगचा विचार करत गाडी काढली.

हे वाक्य परत आठवलं ते मामाच्या फोनमुळे. डहाणू तालुक्यात, घोलवडच्या बाजूला, आमची आजोळची चिकूची छोटी वाडी आहे. चाळीसेक झाडं, एक विहीर आणि कौलं बदलायला झालेलं घर. मामा आता सत्तरीच्या पुढे गेलाय. मुलं वसईला. वाडीत माझ्या आईचाही हिस्सा आहे, म्हणजे पर्यायाने माझी सही लागते. गिऱ्हाईक आलंय, भाव बरा आहे. मामाचं मन होत नाही, पण त्याचा एक प्रश्न आहे: "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? मग शोधून काढ. झाडं पूर्वीसारखी का धरत नाहीत? धूर, धूळ, हवा, का माझंच काही चुकतंय? झाडंच संपत आली असतील तर विकून टाकू. पण हवेचा दोष असेल, तर झाडांना का शिक्षा?"

मी काही शेतीतज्ज्ञ नाही. माझी डिग्री कॉम्प्युटर इंजिनियरिंगची आणि पोट सॉफ्टवेअरवर चालतं. पण सिस्टिम हळू चालते म्हणून तक्रार आली की कारण शोधायचं, हा माझा रोजचाच धंदा. म्हणून रात्री मुलं झोपल्यावर वाचत बसलो. आणि मंडळी, वाचता वाचता कळलं की मामाचा प्रश्न साडेतीनशे वर्षांहून जुना आहे!

१६६१ साली लंडनमध्ये जॉन एव्हलिन नावाच्या गृहस्थाने शहरातल्या कोळशाच्या धुरावर एक पुस्तिका लिहिली. त्यात एक मजेची नोंद आहे. १६४४ साली इंग्लंडमधल्या यादवी युद्धात न्यूकॅसलला वेढा पडला, लंडनला येणारा कोळसा आटला, आणि त्या वर्षी शहराच्या अगदी मध्यातल्या बागांनाही भरघोस फळं लागली. एव्हलिनकडे ना यंत्र होतं, ना प्रयोगशाळा. पण आमच्या भाषेत सांगायचं तर एक प्रोसेस बंद पडली आणि बाकीची सिस्टिम झपाट्याने चालायला लागली, हे त्याने बरोबर टिपलं.

पुढे दोनशे वर्षांनी इंग्लंडमध्ये सोड्याचे कारखाने आले. त्यातून निघणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेने आसपासची झाडं, कुंपणं, पिकं करपायला लागली. जमीनदार मंडळी चिडली (जमीनदार चिडले की कायदा लवकर होतो, हा अनुभव सगळीकडचाच!) आणि १८६३ साली अल्कली कायदा आला. ९५ टक्के आम्लवायू कारखान्याने आतच अडवला पाहिजे, असं त्यात होतं. पहिला निरीक्षक म्हणून नेमला गेला रॉबर्ट अँगस स्मिथ. 'आम्लपाऊस' हा शब्द रूढ करणारा तोच.

आता थोडं विज्ञान सांगतो. पानाच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. अन्न तयार करायचं तर झाडाला हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यावा लागतो, त्यासाठी ही छिद्रं उघडी ठेवावीच लागतात. सर्व्हरचे पोर्ट बंद केले तर हल्ला होत नाही, पण कामही होत नाही, तसंच हे. कोळशातला गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो आणि तो याच दारातून आत शिरतो. पानातल्या ओलाव्यात विरघळून त्याचं सल्फाइट होतं. थोडं असेल तर झाड ते पचवतं. जास्त झालं की हरितद्रव्य मोडतं आणि शिरांच्या मधला भाग पांढुरका, मग तपकिरी पडतो. धुळीचं काम साधं आहे. ती पानावर बसते, ऊन अडवते, छिद्रं बुजवते.

दुसरा शत्रू ओझोन. वर आकाशात तो आपलं रक्षण करतो हे शाळेत शिकलो, पण तोच जमिनीलगत आला की पिकांचा वैरी. तो कुठल्या चिमणीतून निघत नाही. गाड्यांचा आणि वीजकेंद्रांचा धूर उन्हात शिजला की तयार होतो. याचा शोध लावला तो लॉस एंजेलिसजवळच्या एका डच रसायनशास्त्रज्ञाने, आरी हागेन-स्मिट यांनी. ते आधी अननसाच्या स्वादावर काम करत होते! १९४० च्या दशकात तिथल्या शेतकऱ्यांच्या पालक आणि सॅलडच्या पानांवर चंदेरी, काशासारखे चट्टे पडायला लागले. कोळशाच्या धुराचे डाग असे नसतात, मग हे काय? हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास धुरातली वाफ आणि ऊन एकत्र आणून तेच चट्टे प्रयोगशाळेत पाडून दाखवले. म्हणजे शहराचा हा नवा रोग सगळ्यात आधी बोलून दाखवला तो भाजीने.

ओझोनची आणखी एक खोडी अशी, की तो शहरापेक्षा शहराबाहेर, वाऱ्याच्या दिशेला जास्त साठतो. गाड्या मुंबईच्या, आणि ओझोन शेतात. पानावर डाग दिसतीलच असंही नाही. झाड सावध होऊन रंध्रं मिटतं, अन्न कमी बनवतं, पानं लवकर म्हातारी होतात, दाणा भरायला मिळणारे दिवस कमी होतात. शेतकऱ्याला फक्त इतकंच दिसतं की यंदा पोतं भरलं नाही.

इथेच सगळी मेख आहे. डाग दिसला तर तक्रार करता येते. डाग नसेल तर काय दाखवायचं?

हा वाद एकदा दोन देशांमध्येही झाला. कॅनडात, अमेरिकेच्या सरहद्दीजवळ, ट्रेल नावाच्या गावी शिसं आणि जस्त गाळण्याचा मोठा कारखाना होता. १९२० च्या दशकात त्यांनी उत्पादन वाढवलं आणि ४०९ फूट उंचीच्या चिमण्या बांधल्या. उद्देश चांगला होता, की धूर उंच जावा आणि गावाला त्रास होऊ नये. गावाचा त्रास कमी झाला, पण धूर कोलंबिया नदीच्या दरीतून वाहत सरहद्द ओलांडून अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या पिकांवर उतरला. प्रकरण लवादाकडे गेलं. 'न दिसणारी इजा' म्हणजे पानावर डाग नसतानाही पीक घटतं का, यावर शास्त्रज्ञ एकमेकांशी भांडले. १९३८ आणि १९४१ साली निकाल आले. नुकसानभरपाई मिळाली ती ज्यांचं नुकसान दाखवता आलं त्यांनाच. पण एक तत्त्व ठरलं, की आपल्या हद्दीतल्या धुराने शेजाऱ्याच्या हद्दीत गंभीर नुकसान होऊ देण्याचा हक्क कुठल्याही देशाला नाही. आजही पर्यावरणाच्या आंतरराष्ट्रीय कायद्याचा पहिला धडा म्हणून हेच प्रकरण शिकवतात.

आपल्याकडेही हे ज्ञान नवं नव्हतं. उत्तर प्रदेशात वीटभट्ट्यांजवळच्या आमरायांत आंब्याचं टोक काळं पडून फळ सडायचं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तिथल्या संशोधकांनी हा रोग कुठल्या किडीचा नसून भट्टीच्या धुराचा आहे, हे दाखवलं. उपाय दोनच: भट्टी लांब न्या, आणि मोहोराच्या सुमारास बोरॅक्सची फवारणी करा. बागायतदारांना दुसरा उपाय करणं सोपं गेलं असणार, पहिल्यासाठी भट्टीमालकाशी भांडावं लागतं!

आणि आता मामाच्या गावाकडे येतो.

डहाणू हे वारली आदिवासींचं, मच्छीमारांचं आणि इराणहून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी वाढवलेल्या चिकूच्या वाड्यांचं गाव. १९८० च्या दशकात मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या बीएसईएस कंपनीचं ५०० मेगावॅटचं कोळशावर चालणारं केंद्र डहाणूच्या खाडीकाठी यायचं ठरलं. केंद्र सरकारने १९८९ साली परवानगी दिली. गावात धास्ती बसली. चिकू हे बारमाही हिरवं झाड. गव्हाचं पान चार महिन्यांचं, चिकूचं पान कितीतरी जास्त काळ फांदीवर राहतं आणि जे पडेल ते सोसत राहतं. नर्गिस इराणी, कितयून रुस्तम अशा तिथल्याच बागायतदार बायकांनी पुढाकार घेतला, डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण गट उभा राहिला. ते आधी मुंबई उच्च न्यायालयात हरले. मग १९९१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केंद्र थांबवायला नकार दिला. पण न्यायालयाने एक गोष्ट बजावली. चिमणीतला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्याची जी अट आहे, ती परिणामांचा पूर्ण विचार केल्याशिवाय शिथिल करू नये.

हरलेल्या खटल्यातलं ते एक वाक्य! पुढची सोळा वर्षं सगळी लढाई त्याच्याभोवती फिरली.

त्याच वर्षी, २० जून १९९१ ला, केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर आणि भोवती २५ किलोमीटरचा राखीव पट्टा. कागदावर छान, पण अंमलबजावणी होईना. मग पत्रकार-संपादक बिट्टू सहगल यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, नागपूरच्या नीरी संस्थेचा अहवाल मागवला गेला, आणि ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निकालाने डहाणूसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमायचं ठरलं. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी, दादा धर्माधिकारींचे चिरंजीव. २०१९ च्या जानेवारीत त्यांचं निधन झालं, तोपर्यंत बावीस वर्षं ते या प्राधिकरणावर होते. एका तालुक्याची हवा सांभाळायला एक न्यायमूर्ती इतकी वर्षं बसला, असं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

केंद्र १९९५ साली सुरू झालं होतं. मी तेव्हा पहिली-दुसरीत. सुट्टीत आजोळी जाताना गाडी डहाणूला पोचायच्या आधीच आम्ही भावंडं खिडकीत तोंड घालून चिमणी शोधायचो. जिला पहिली दिसेल तिला मधली सीट! चिमणी २७५ मीटर उंच, म्हणजे कुतुबमिनार एकावर एक तीनदा ठेवला तरी अपुराच पडेल. आम्हाला तिचं भारी कौतुक. ट्रेलच्या शेतकऱ्यांची गोष्ट तेव्हा कोणी सांगितली असती तरी कळली नसती. आणि एक कबूल करायला हवं. आम्ही बोरिवलीचे, आमच्या घरी वीज बीएसईएसचीच. चिकूचं झाड मामाचं आणि पंखा आमचा, असा हिशेब होता.

मे १९९९ मध्ये प्राधिकरणाने कंपनीला गंधक धुण्याची यंत्रणा बसवायचा आदेश दिला. त्यानंतर तंत्रज्ञान कुठलं, खर्च किती, गरज आहे का, यात वर्षं गेली. मध्ये कंपनीची मालकी बदलली, ती रिलायन्स एनर्जी झाली. २००५ साली प्राधिकरणाने ३०० कोटींची बँक गॅरंटी मागितली, उच्च न्यायालयाने ती १०० कोटींवर आणली. अखेर २००७ साली यंत्रणा चालू झाली. त्यात समुद्राचं पाणी वापरतात. समुद्राचं पाणी मुळात किंचित अल्कधर्मी, धूर त्याच्या फवाऱ्यातून नेला की गंधक पाण्यात उतरतो, मग हवा मिसळून त्याचं सल्फेट होतं, जे समुद्रात आधीपासूनच भरपूर असतं. तेव्हा देशात अशी यंत्रणा असलेली वीजकेंद्रं अगदी मोजकी होती. तुर्भ्याच्या टाटा केंद्राच्या एका संचाला ती १९८० च्या दशकातच लागली होती. २०१८ साली डहाणूचं केंद्र अदानींकडे गेलं.

मला या सगळ्यात न्यायालयापेक्षा त्या बायकांचं कौतुक वाटतं. पहिला खटला हरल्यावर बहुतेक लोक फाईल बांधून माळ्यावर टाकतात.

मग देशातल्या बाकीच्या केंद्रांचं काय? डिसेंबर २०१५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने सर्व औष्णिक केंद्रांना गंधकाच्या मर्यादा घालून दिल्या आणि दोन वर्षांची मुदत दिली. ती मुदत वाढत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना या यंत्रणेतून सूटच मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी असतो, खर्च फार येतो, चुनखडी आणायला-वाहायलाही इंधन जळतं, असे मुद्दे त्यामागे आहेत. ते अगदीच पोकळ नाहीत. पण कोळसा जळताना नायट्रोजनचे ऑक्साइडही निघतात, आणि तेच उन्हात ओझोन शिजवतात. २०२५ सालीच स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की भारतातल्या कोळशाच्या केंद्रांमधून निघणाऱ्या नायट्रोजन डायऑक्साइडमुळे काही भागांत गहू आणि भाताचं दहा टक्क्यांहून अधिक नुकसान होतं. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये ओझोनचा हिशेब मांडला होता: २००५ या एका वर्षात देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ गेला. कुठल्याही पंचनाम्यात न येणारं नुकसान!

हे मोजतात कसं, याची मला उत्सुकता होती, कारण मामाला उत्तर द्यायचं होतं. शेतात वरून उघडे प्लॅस्टिकचे गोल कक्ष उभारतात. माती तीच, पाणी तेच, बियाणं तेच. एका कक्षात बाहेरची हवा सोडायची, दुसऱ्यात कोळशाच्या गाळणीतून गाळलेली. शेवटी दाणे मोजायचे. १९९० च्या दशकात लाहोरजवळ असे प्रयोग झाले, तेव्हा साध्या हवेतला गहू गाळलेल्या हवेतल्या गव्हापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त कमी भरला. बनारस हिंदू विद्यापीठातही असे प्रयोग बरीच वर्षं चालले आहेत.

आणि एक उलटी गंमतही सांगितली पाहिजे, नाहीतर एकतर्फी होईल. युरोपने १९८० नंतर चिमण्या स्वच्छ केल्या, तेव्हा तिथल्या मोहरीवर्गीय पिकांत आणि गव्हात गंधकाची कमतरता दिसू लागली. हवेतून फुकट मिळणारं खत बंद झालं होतं! इंग्लंडमध्ये तर गुलाबाच्या पानांवरचा काळ्या ठिपक्यांचा रोग धूर कमी झाल्यावर परत आला, कारण गंधक त्या बुरशीला मारत होता. निसर्गाचा कोड कोणी कॉमेंट लिहून ठेवलेला नाही, एक ओळ बदलली की कुठे काय होईल सांगता येत नाही.

आमच्या आखातातही सगळं निर्मळ आहे असं समजू नका. २००९ साली जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पर्शियन आखाताचा प्रदेश ओझोनचं मोठं केंद्र असल्याचं लिहिलं. ऊन रग्गड, तेल आणि वायूचे कारखाने, वर चहूबाजूंनी येणारी हवा. निझव्याचा खजूर मात्र या सगळ्यात टिच्चून उभा आहे. त्याचं पान मेणकट, कातडी जाड. (आणि आपल्या लग्नातल्या ओटीत जी खारीक असते, ती कित्येकदा ओमानमधून उकडून वाळवून गेलेली असते, हे इथे आल्यावरच कळलं.)

मामाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. दीड तास लागला. तो मध्येच म्हणाला, "ते इंग्लंड-अमेरिका राहू दे. आपल्या वाडीचं बोल." मग खरं ते सांगितलं. आपल्या वाडीत कोणी हवा मोजलेली नाही. झाडं जुनी झालीत, बी पोखरणारी अळी आहे, पाऊस लांबतो आणि बुरशीने फळं गळतात, रस्त्याची धूळ आहे. यातला कोणाचा वाटा किती, हे मला निझव्यात बसून सांगता येणार नाही, आणि घोलवडला उभं राहूनही आला नसता. दोष अमक्याचाच असं म्हणणं हे पुराव्याशिवाय बग दुसऱ्या टीमच्या नावावर टाकण्यासारखं आहे. आमच्याकडे ते रोज करतात.

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे झाडं संपली असं तू सांगत नाहीयेस."

"नाही."

२०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मामाने पेढे वाटले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये जवळच वाढवणच्या बंदराची पायाभरणी झाली. याच प्राधिकरणाने १९९८ साली तिथल्या बंदराला नकार दिला होता आणि २०२३ साली होकार दिला. जमिनीचे भाव आता कशामुळे वर आहेत, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

मी त्याला एक साधी गोष्ट सुचवली. दहा झाडं निवड, शक्यतो एकाच वयाची, रस्त्यापासून सारख्या अंतरावरची. पाच झाडांची पानं पंधरा दिवसांतून एकदा पाइपने धू, पाच तशीच ठेव. फळं मोजून लिही. वायूचं यातून काही कळणार नाही, पण निदान धुळीचं कळेल. बाकी औषध-पाणी सगळ्यांना सारखं. मामी मागून म्हणाली, "आता म्हातारपणी झाडांना आंघोळी घाला!"

गिऱ्हाइकाला पुढच्या दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंय. तो थांबेल की नाही, माहीत नाही. गेल्या आठवड्यात मामाने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. शाळेच्या वहीत पट्टीने रकाने आखलेत, अक्षर अजून मास्तरांसारखंच आहे. झाड क्रमांक एक, धुतलेलं, चिकू ६३. झाड क्रमांक दोन, न धुतलेलं, चिकू ५८. झाड क्रमांक तीनच्या पुढे लिहिलंय: 'माकडांनी खाल्ले, परत मोजणे.'